भिंतीवरचे आप्पा

बोरी अरब गावच्या बाजारात श्रावण तामगाडगेला बघून एका बाईच्या हातातली वांग्याची पिशवी गळून पडली. ती दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "अवं माय! तुमी तं गेलते ना?"

श्रावणला याची सवय झाली होती. पहिल्या वर्षी तो हसून हात जोडायचा. दुसऱ्या वर्षी समजावून सांगायचा, की बाई, ते मालिकेत, खरं नव्हे. आता चौथं वर्ष होतं. त्याने मेथीची जुडी उचलून झटकली. "गेलतो," तो म्हणाला, "भाजी न्यायले आलो." बाईला हे पटलं की नाही कोण जाणे, पण तिने त्याच्याकडे पाठ काही केली नाही. तोंड त्याच्याचकडे ठेवून ती उलटी चालत गर्दीत शिरली.

त्याचं असं होतं, की रोज संध्याकाळी साडेसातला महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत श्रावणचा फोटो दिसायचा. सोनेरी चौकट, आत काळा कोट घातलेले, किंचित हसणारे आप्पा, आणि फोटोला चंदनाचा हार. मालिकेतल्या मोठ्या घराचे हे कर्ते पुरुष एकतीस भाग जगले आणि बत्तिसाव्यात जिन्यावर छाती धरून गेले. गेले ते गेले, पण भिंतीवरून काही हलले नाहीत. घरातली थोरली सून, खुट्ट झालं की फोटोपुढे येऊन उभी. दागिने चोरीला गेले, सांग आप्पांना. धाकट्या जावेने दुधात काही कालवलं, सांग आप्पांना. जिवंतपणी श्रावण पडद्यावर जितका दिसला नसेल तितका मेल्यावर दिसला. बाभुळगावातली माणसंही मोठी मजेची. रस्त्यात गाठून त्यालाच विचारायची, "तुमच्या सुनेनं काल काय केलं, पाह्यलं का?" जसं काही त्याने तिला आवरायला हवं होतं.

बाभुळगाव त्याचं जन्मगाव. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते, आई तुळसाबाई दुसऱ्याच्या वावरात निंदायला, वेचायला जायची. वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीला नाटक व्हायचं. त्यातला म्हातारा ऐन वेळी तापाने आडवा झाला, म्हणून घोगऱ्या आवाजाच्या श्रावणला अकराव्या वर्षी पांढऱ्या मिशा चिकटवून उभं केलं. तिथून म्हातारपणाने त्याला सोडलं नाही. यवतमाळच्या कॉलेजात म्हातारा, राज्य नाट्य स्पर्धेत म्हातारा. स्पर्धेत प्रमाणपत्र मिळालं तेव्हा परीक्षकांपैकी एकजण सहज बोलून गेला, की मुंबईला या. अशी वाक्यं लोक बोलतात आणि चहा पिऊन विसरतात. श्रावण विसरला नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी, बायको दीपमाला आणि दोन वर्षांची पोर आईजवळ ठेवून, तो गेला.

बावीस वर्षं तो मुंबईत मालिकांमधून कामं करत होता. नायक नाही, नायिकेचा भाऊ नाही, खलनायक तर नाहीच. हवालदार इतक्या वेळा झाला की एका खऱ्या पोलीस ठाण्यात खऱ्या हवालदाराने त्याला खुर्ची दिली. त्याखेरीज शिपाई, वॉचमन, पोस्टमन, 'साहेब, पाहुणे आलेत' म्हणणारा नोकर. दोनदा डॉक्टर झाला, पण तो ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन मान हलवणारा डॉक्टर. त्याला वाक्य नसतं. त्याची उंची, रंग आणि आडनाव पाहून लोकांनी मनाशी ठरवलेलं असायचं, की हा माणूस दार उघडणार. यात कुणी वाईट वागलं असं म्हणता येणार नाही. सगळे 'दादा, दादा' करायचे. 'दादा' म्हणत म्हणतच माणसाच्या हातात चहाचा ट्रे देता येतो, हे तिथे जाऊन शिकण्यासारखं आहे.

एकदा त्याला आठ महिने सलग काम मिळालं. एका लेखकाने त्याला फोनवर घरी बोलताना ऐकलं आणि त्याच्या भाषेत बोलणारा एक वेंधळा स्वयंपाकी लिहून टाकला. श्रावणने 'का'च्या जागी 'काहून' म्हटलं की मागे हशा वाजायचा. त्या वर्षी तो दिवाळीच्या सुटीत घरी आला तेव्हा तुळसाबाईने एवढंच विचारलं, "आपन बोलतो ते हासन्यासारखं हाये काय रे?" त्याला लाज वाटली, आणि परत जाऊन त्याने तेच काम पुढे केलं, याचीही वाटली.

आप्पा त्याच्याकडे आले ते अपघाताने. त्या दिवशी त्याला मालिकेत हवालदार म्हणूनच बोलावलं होतं. आप्पा करणाऱ्या नटाला डेंग्यू झाल्याचं सकाळी कळलं, सगळ्यांची धावपळ उडाली, आणि स्वानंद नावाच्या तरुण सहायकाने हवालदाराच्या टोपीखालचे श्रावणचे पांढरे केस पाहिले. तासाभरात त्याच्या अंगावर रेशमी सदरा आला. दिग्दर्शक म्हणाला, "बसा." श्रावण कुठे बसायचं ते बघत राहिला. बावीस वर्षांत दृश्य सुरू असताना तो कधी बसलेला नव्हता. दिवाणखान्यातली मधली मोठी खुर्ची त्याची होती.

ते एकतीस भाग त्याच्या आयुष्यातले चांगले दिवस. आप्पांची भाषा स्वच्छ, सावकाश, आणि आप्पा बोलायला लागले की बाकीचे गप्प. जेवायच्या सुटीत एक फोटोग्राफर आला, काळा कोट घालायला लावला, म्हणाला, "दादा, थोडे हसरे." श्रावण हसला. त्याला वाटलं जाहिरातीसाठी असेल. तो हाराचा फोटो होता हे चार दिवसांनी कळलं, जेव्हा पुढच्या भागांचे कागद हातात पडले. मेल्यानंतर तो दोन दिवस दिवाणखान्यात निपचित पडून होता, आणि थोरली सून रडताना दर वेळी त्याच्या पोटावर कोपर टेकवायची. पण तेही त्याने मनापासून केलं. निघताना स्वानंद म्हणाला, "दादा, फोटो भिंतीवर आहे ना, म्हणजे तुम्ही आहात. आठवणी येतात, स्वप्नं येतात. बोलावणं येतंच."

पुढच्याच महिन्यात सगळं जग बंद झालं. श्रावण जमेल तसा बाभुळगावला पोचला आणि मग परत गेलाच नाही. गुडघे कुरकुरत होते. मुंबईतली खोली सुटली. दीपमाला अंगणवाडी चालवायची, पोर नागपूरला नर्सिंगला होती; त्याच्यावाचून घराचं काही अडलेलं नव्हतं आणि अडणारही नव्हतं. तो शाळांमधून स्नेहसंमेलनाची नाटकं बसवी, कुणाच्या कार्यक्रमात माईकवर बोलून देई. कुणी विचारलं, आता काय करता, की म्हणे, "मालिका सुरू आहे ना अजून." आणि खरंच सुरू होती. रोज साडेसातला.

हार पहिल्यांदा दिसला त्या संध्याकाळी तुळसाबाई उठली, चपला घातल्या आणि विहारात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सव्वासात झाले की ती घराबाहेर. नुसतं ओट्यावर बसून भागत नसे, कारण वस्तीतल्या घराघरांतून त्याच मालिकेचं गाणं ऐकू यायचं. विहार तेवढं टोकाला होतं.

आता ही काही मांजर आडवं गेल्यावर थांबणारी बाई नव्हे. उलट मांजर आडवं गेलं की ती मुद्दाम आधी पाऊल टाकायची. शकुन-अपशकुन या घरात चालत नाहीत, हे तिनेच श्रावणला लहानपणी शिकवलेलं. म्हणून त्याने एकदा धीर करून म्हटलं, "आई, तुलेच तं पटत नाई अशा गोष्टी."

"नाई पटत," तुळसाबाई म्हणाली. "पन मी माय बी हावो का नाई? ह्या घरात हार तीन फोटोले हाये. तथागताले, बाबासाहेबाले अन् तुह्या बापाले. चवथा मले नको. फोन कर अन् सांग त्याइले."

"सांगतो," श्रावण म्हणाला. आणि चार वर्षं सांगितलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी आई विचारायची, तो म्हणायचा, सांगतलं, काहाडून राह्यले. खोटं. त्याची सगळी आशा त्या खिळ्याला टांगलेली होती. फोटो उतरला की आप्पा संपले, आणि आप्पा संपले की श्रावण तामगाडगे म्हणजे एके काळी ट्रे घेऊन उभा राहणारा माणूस. हे तो आईला कसं सांगणार होता? स्वतःलाही त्याने ते उघड कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या थंडीत तुळसाबाईला धाप लागली. यवतमाळला आठ दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली ती निम्मी होऊन आली. आता तिला विहारापर्यंत चालवेना. पहिल्याच संध्याकाळी सव्वासातला तिने पदर तोंडावर ओढून घेतला आणि भिंतीकडे वळून झोपली. दीपमालाने टीव्ही लावलाच नाही. पण शेजारच्या घरातून गाणं आलंच. पदराआडून तुळसाबाई म्हणाली, "श्रावन, मी जाच्या पह्यले तो हार काहाड बाप्पा. पोराले हार घातलेला पाहून मले जाचं नाई."

श्रावणने दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला. स्वानंद आता सहायक राहिला नव्हता. मालिकेची गोष्ट कुठे वळवायची हे ठरवणाऱ्यांमध्ये बसत होता. श्रावणने आईचं सगळं सांगितलं.

"दादा, तुम्ही नेमके आजच कसा फोन केलात?" स्वानंद म्हणाला. "अजून कुणाला बोलू नका. दोन महिन्यांनी आप्पा परत येतायत. जिवंत. ते मेलेच नव्हते, असं आणतोय आपण. आता बघा, फोटो भिंतीवर आहे तोवर लोकांच्या डोळ्यांपुढे तुमचाच चेहरा आहे. चॅनलला कुणीतरी नाववाला हवाय, ते म्हणतायत चेहरा बदलू. मी त्यांना काय सांगतोय, की चार वर्षं रोज दिसणारा चेहरा बदलता येत नाही. फोटो मी आज उतरवू शकतो. एका फोनचं काम. पण मग माझ्या हातात सांगायला काही राहत नाही."

श्रावण अंगणात उभा होता. दोन महिने. एकीकडे आईची धाप, दुसरीकडे दिवाणखान्यातली ती खुर्ची, आणि या वेळी एकतीस भागांची नाही, कदाचित वर्षभराची. "राहू द्या फोटो," तो म्हणाला. बोलला आणि त्याला स्वतःचाच इतका राग आला की फोन ठेवल्यावर तो बराच वेळ आत गेला नाही.

पण या खेपेला आईशी खोटं बोलला नाही. खाटेशेजारी बसून सगळं सांगितलं. की दोन महिने कळ काढली तर हार आपोआप निघेल, फोटोतून माणूस बाहेर येईल, आणि तो मीच असेन. नाही काढली तर हार आज निघेल, पण मग मी तिथे पुन्हा कधीच दिसणार नाही. आता तू सांग.

तुळसाबाईने ऐकून घेतलं. "तुले जाचं हाये?"

"हाव आई. लय जाचं हाये."

"मंग थांबीन मी," ती म्हणाली. "दोन मयनेच ना? थांबीन." जणू मरण ही एस.टी. होती आणि तिला पुढच्या गाडीने जाऊ म्हणता येत होतं.

आणि ती थांबली. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, पण एक अक्षर बोलायची नाही. घरात मात्र इतक्या वर्षांनी जरा हालचाल आली. श्रावण आरशापुढे आप्पांसारखं बोलून बघायला लागला. दीपमाला त्याची खेचायची. "काय जी, भाजीत मीठ कमी हाये, हे आप्पा कसं म्हनतीन?" तो गंभीर होऊन म्हणायचा, "सूनबाई, आजच्या भाजीत मिठाचा विसर पडलेला दिसतो." दीपमाला हसून पोळपाटावर वाकायची. बावीस वर्षं एकटीने घर ओढलेल्या बाईला तसं हसताना पाहून श्रावणला वाटायचं, हे काम मिळालंच पाहिजे.

बोलावणं आलं. तो यवतमाळहून ट्रॅव्हल्सने गेला, सकाळी उतरून थेट सेटवर. दिवाणखाना तसाच होता. खुर्ची तीच होती, कापड बदललेलं. आणि भिंतीवर तो. जवळ जाऊन पाहिलं तर हारावर धूळ साचली होती. फोटोतला माणूस होता तसाच राहिला होता, श्रावणचे मात्र मधल्या काळात दोन दात गेले होते.

त्या दिवशी आधी कॅमेऱ्यात त्याचे पाय घेतले. मालिकेतला माणूस मरून परत आला की तो एकदम दिसत नाही, हे पाहणाऱ्यांनाही माहीत असतं. आधी पाय येतात, मग पाठ, मग एखादा हात. चेहरा आला की आठवडा संपतो. दार उघडतं, उंबरा ओलांडून आप्पांचे अनवाणी पाय आत येतात. दिग्दर्शन करणारी मुलगी पंचविशीची असेल. सात वेळा तिने ते पाऊल घेतलं. एकदा उजेड चुकला, एकदा कुणाची सावली पडली, एकदा पडदा हलला. सातव्या वेळी म्हणाली, "छान, सर." मग पाठ. मग हात, जो पुढे होऊन फोटोवरचा हार काढतो. हार काढताना श्रावणने आधी त्यावरची धूळ बोटांनी पुसली. तो अभिनय नव्हता. खाटेवरची आई डोळ्यांपुढे आली होती. मुलीला ते पुसणं फार आवडलं.

"चेहऱ्याचं शूटिंग पुढच्या खेपेला," स्वानंद म्हणाला. "फोन करतो." त्याने श्रावणला मिठी मारली.

सोमवारी पाय दिसले. श्रावणने वस्तीत कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण दीपमालाच्या पोटात काय राहणार! सोमवारी घरात आठ माणसं, मंगळवारी अठरा. शेजारची रामीबाई नातवंडं घेऊन पुढेच बसली. किराणा दुकानाचा भीमराज, श्रावणचा शाळेपासूनचा मित्र, दुकान लवकर बंद करून आला. तुळसाबाईने पहिल्यांदा भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं. दीपमालाने तिच्या पाठीशी उशा लावल्या. बुधवारी हात पुढे आला आणि त्याने हार काढला. घरात टाळ्या पडल्या. "निंगाला," तुळसाबाई म्हणाली, एकदाच, आणि डोळे पुसले. त्या संध्याकाळी ती अर्ध्याऐवजी पूर्ण भाकर जेवली.

गुरुवारी दुपारी स्वानंदचा फोन आला. आवाज ऐकूनच श्रावणला कळलं. चॅनलने चार दिवसांपूर्वीच दुसऱ्या नटाचं शूटिंग उरकलं होतं. सिनेमातला माणूस, मोठं नाव. अपघातात आप्पांचा चेहरा जळाला, डॉक्टरांनी नवा दिला, असं दाखवणार होते. स्वानंद खूप वेळ बोलत होता. त्याने भांडण केलं, त्याचं कुणी ऐकलं नाही, त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती. खरंच वाटत असावी. शेवटी म्हणाला, "पण दादा, पाय तुमचेच ठेवलेत. ते मी बदलू दिले नाहीत." श्रावणने त्याचे आभार मानले. सवयच ती.

दीपमालाला त्याने सांगितलं. तिने चुलीकडे वळून त्याच्यासाठी चहा ठेवला. संध्याकाळी माणसांना येऊ नका म्हणायचं तिच्या जिवावर आलं, आणि आईला सांगायचं त्याच्या. साडेसातला घर भरून गेलं, दारात उभी राहिली माणसं. श्रावण मागे भिंतीला टेकून बसला. त्याला फक्त दमल्यासारखं वाटत होतं, बावीस अधिक चार वर्षांचं एकदम.

पाय आले. पाठ आली. थोरली सून किंचाळली, सगळं घर वळलं, आणि आप्पांनी तोंड वर केलं.

कुणी टाळी वाजवली नाही. मग रामीबाई कौतुकाने म्हणाली, "केवढा बदलला बाप्पा! टीव्हीत तं ओळखू बी येत नाई."

"मेकअप हाये तो," भीमराज जाणत्यासारखा म्हणाला. "तास तास बसवतात. हाव ना, श्रावन?"

सगळ्यांनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. कुणी फोटोतल्या माणसाकडे पाहावं तसं नाही, खऱ्या माणसाकडे पाहावं तसं, आणि तेच त्याला सोसेना. 'हाव' म्हणता आलं असतं. वस्तीने मान्य केलं असतं, महिनाभर गुणगान झालं असतं. "नाई," तो म्हणाला. "मी नाई तो. दुसरा मानूस घेतला त्याइनं."

भीमराजने खांद्यावर हात ठेवला आणि तो काढून घेतला. रामीबाईने नातवंडं उठवली. एकेक जण 'जय भीम' म्हणत, चपला शोधत बाहेर पडला. दीपमालाने टीव्ही बंद केला आणि भांडी घेऊन मागच्या अंगणात गेली.

तुळसाबाई उशांना टेकून बसली होती. ती म्हणाली, "पाय तं तुहेच व्हते."

"हाव. पाय माहेच."

"मले सोमवारीच समजलं." तिला मधूनमधून श्वास घ्यावा लागत होता. "एक इचारू?"

"इचार."

"तू असा काहून चालला?"

"कसा?"

"ते त्याचं सोताचं घर व्हतं ना? चार वर्सानं मानूस सोताच्या घरात आला. अन् तू उंबऱ्यावर थांबला. पाय पुसल्यावानी केलं. मंग हळूच आत टाकला, जसं का आतून कोनी 'कोन हाये रे' म्हनन अन् भाईर काहाडन. मालक असा येते काय?"

श्रावण तिच्याकडे बघत राहिला. सात वेळा चालला होता तो. सात वेळा तो उंबऱ्यावर थांबला असणार, आणि त्या मुलीला, कॅमेरावाल्याला, स्वानंदला, कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. त्याला स्वतःला तर माहीतही नव्हतं. त्याला आधी आईचा राग आला. मग राग गेला, आणि इतकी शरम वाटली की मान वर करवेना.

"म्हनून नाई घेतलं का रे तुले त्याइनं?" तुळसाबाईने विचारलं. तिच्या आवाजात टोचणी नव्हती, काळजी होती.

"नाई व, आई. त्याइले नाववाला पाह्यजे व्हता."

"मंग ठीक हाये," ती म्हणाली. त्याने तिच्या पाठीमागची एक उशी काढली, ती आडवी झाली.

माणसं गेली तेव्हाचं बाहेरचं दार उघडंच राहिलं होतं. ते लावायला श्रावण उठला. खाटेपासून दार चार पावलांवर. तुळसाबाईचे डोळे अजून उघडे होते आणि ते त्याच्या पायांकडे लागले होते. घर त्याच्या बापाने बांधलेलं होतं, तो याच घरात जन्मला होता, आणि पहिलं पाऊल कसं टाकावं हे त्याला कळेना. तो खाटेजवळच उभा राहिला.